फोटो एडिट करावा का? नव्याने कॅमेरा हातात घेतलेल्यांसाठी

कॅमेरा नवा असताना जवळजवळ प्रत्येक जण हा प्रश्न विचारतो, आणि विचारताना आवाजात थोडी धाकधूक असते. 'खरा फोटोग्राफर फोटो आहे तसा दाखवतो, एडिटिंग म्हणजे फसवणूक' असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं. माझं मत स्पष्ट आहे. एडिट जरूर करा, क्रम शिकून करा, आणि फोटो दाखवताना समोरच्याला आपण काय सांगतोय याचं भान ठेवून करा. ते कसं करायचं हे आता एकेक करून सांगते. उदाहरणासाठी मुख्यतः जेजुरीच्या भंडाऱ्याचा फोटो घेतला आहे. नवख्याला अडवणाऱ्या बहुतेक अडचणी त्या एका फोटोत सापडतात.

एडिट न झालेला डिजिटल फोटो नसतोच

सेन्सरला रंग कळत नाहीत, कुठे किती उजेड पडला एवढंच कळतं. म्हणून प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवी किंवा निळी अशी एकाच रंगाची गाळणी बसवलेली असते. कोडॅकमधले ब्राइस बायर यांना या रचनेचं पेटंट १९७६ साली मिळालं आणि आजही बहुतेक कॅमेऱ्यांत तीच रचना असते. निम्म्या गाळण्या हिरव्या, पाव लाल आणि पाव निळ्या. हिरव्या जास्त, कारण उजेडातला बारीक फरक आपला डोळा हिरव्याच्या आसपास सगळ्यात चांगला ओळखतो. म्हणजे एका पिक्सेलला तीनपैकी एकच रंग खरोखर ठाऊक असतो. उरलेले दोन आजूबाजूच्या पिक्सेलवरून हिशेब करून भरले जातात. मग कॅमेरा व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसेल असा रंगांचा तोल) ठरवतो, कॉन्ट्रास्ट चढवतो, नॉइज म्हणजे फोटोतले दाणे पुसतो, कडा धारदार करतो आणि जेपेग फाइल तुमच्या हातात देतो. मेनूमधले 'व्हिविड', 'पोर्ट्रेट', 'न्यूट्रल' हे पर्याय म्हणजे याच एडिटिंगच्या तयार पाककृती.

मोबाइल याच्याही पुढे जातो. एकदा बटण दाबलं की तो अनेक फ्रेम घेतो, त्या एकमेकींवर बसवतो, आकाश सावरतो, चेहरा उजळतो. 'मी काही केलं नाही, आला तसा टाकलाय' असं आपण म्हणतो तेव्हा कंपनीच्या अभियंत्यांनी घेतलेले निर्णय आपण जसेच्या तसे स्वीकारलेले असतात. ते अभियंते हुशार आहेत यात शंका नाही. पण तुम्ही जेजुरीच्या पायऱ्यांवर उभे आहात की हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये, हे त्यांना माहीत नसतं.

फिल्मच्या काळातही हेच होतं. १८५०च्या दशकात फ्रान्समधला गुस्ताव ल ग्रे समुद्राचे फोटो काढायचा. तेव्हाच्या काचेला निळा उजेड फार लवकर लागे, त्यामुळे समुद्र नीट आला की आकाश पांढरंफटक पडे. म्हणून त्याने समुद्राची एक आणि आकाशाची दुसरी अशा दोन निगेटिव्ह जोडून प्रिंट काढल्या. अन्सेल ॲडम्स पियानो शिकलेला माणूस. निगेटिव्ह म्हणजे संगीतकाराने लिहिलेली स्वरलिपी आणि प्रिंट म्हणजे तिचं सादरीकरण, असं तो म्हणायचा. न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेल्या चंद्राचा त्याचा फोटो १९४१चा आहे. त्याच निगेटिव्हवरून तो पुढची कित्येक वर्षं प्रिंट काढत राहिला आणि त्यातलं आकाश उत्तरोत्तर काळं होत गेलं. आपल्याकडच्या जुन्या स्टुडिओंतही निगेटिव्हवर पेन्सिलीने रिटचिंग करणारे आणि कृष्णधवल प्रिंटवर हाताने रंग भरणारे कारागीर असत. आजी-आजोबांच्या लग्नाच्या फोटोतले गुलाबी गाल तिथूनच आलेले असू शकतात.

बटण दाबण्याआधी

चांगल्या एडिटिंगचा मोठा भाग इथेच होतो. कॅमेऱ्याच्या मेनूत जाऊन फाइलचा प्रकार 'रॉ + जेपेग' करा. रॉ म्हणजे सेन्सरची नोंद जशीच्या तशी ठेवणारी फाइल. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. रॉ फाइल १२ बिटची असेल तर ४,०९६ आणि १४ बिटची असेल तर १६,३८४. अंधारातला चेहरा उजळायचा झाला तर या जास्तीच्या पायऱ्या कामाला येतात. जेपेगमधला चेहरा तितकाच उजळला तर त्यावर चट्टे आणि पट्टे उमटतात. सुरुवातीला दोन्ही फाइली ठेवण्याचा फायदा असा की जेपेग लगेच घरच्यांना पाठवता येते आणि रॉ निवांत बसून शिकायला राहते. जागा जास्त लागते हे खरं, पण मेमरी कार्डापेक्षा तो क्षण महाग आहे.

मोबाइलवर काढत असाल तर कॅमेऱ्याच्या ॲपमध्ये 'प्रो' मोड आणि त्यात रॉ किंवा डीएनजी (रॉचाच एक प्रकार) असा पर्याय आहे का बघा. अनेक अँड्रॉइड फोनमध्ये असतो. नसेल तरी बिघडत नाही, या लेखातलं बहुतेक सगळं जेपेगवरही चालतं, फक्त हात हलका ठेवावा लागतो. आणि लेन्स पुसा. खिशातून काढलेल्या फोनच्या लेन्सवर बोटांचा तेलकटपणा असतो. त्याने फोटोवर जो पांढुरका पडदा येतो तो कोणत्याही स्लायडरने धड जात नाही.

दुसरी गोष्ट एक्सपोजरची, म्हणजे सेन्सरला किती उजेड मिळतो त्याची. डिजिटलमध्ये काळवंडलेला भाग बऱ्याचदा वर काढता येतो, पण पांढराफटक उडालेला भाग परत येत नाही, कारण तिथे माहितीच नोंदलेली नसते. त्यामुळे कॅमेऱ्यात हायलाइट, म्हणजे सगळ्यात उजळ भाग, लुकलुकवण्याची सोय असेल तर ती चालू करा आणि हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, बघायची सवय लावा. आलेख उजव्या कडेला चिकटून कापला जात असेल तर एक्सपोजर थोडं कमी करून पुन्हा फोटो घ्या. ढगांची किनार, पांढरी टोपी, नऊवारीची जरी आणि कपाळावरचा घामाचा चकाकता ठिपका, उडतं ते बहुतेक यांपैकी काहीतरी. ठिपका उडाला तर चालेल. अख्खं कपाळ उडालं तर चालणार नाही.

जेजुरीला जाणार असाल तर एक वेगळी सूचना. भंडारा अतिशय बारीक असतो आणि लेन्सच्या रिंगमध्ये, बटणांच्या फटींत शिरतो. गर्दीत लेन्स बदलू नका. कॅमेऱ्याला पारदर्शक पिशवी किंवा रेनकव्हर घाला, आणि घरी आल्यावर आधी ब्लोअरने उडवा, मगच कापड लावा. आधीच कापडाने पुसलंत तर हळद काचेवर घासली जाते.

निवड

फोटो संगणकावर घेतले की पहिलं काम बॅकअपचं. मूळ फाइलींची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवा आणि तिला हात लावू नका. त्यानंतर एडिटिंगकडे न वळता निवड करा. एकाच प्रसंगाचे बारा फोटो असतील तर त्यातला एक ठेवा, फार तर दोन. डोळे मिटलेले, हललेले, फोकस चेहऱ्याऐवजी मागच्या दीपमाळेवर गेलेले फोटो बाजूला करा. निवडताना फोटो छोटा करून बघा. लहान आकारातही नजर खेचून घेणारा फोटो मोठा केल्यावर सहसा निराश करत नाही.

हे काम जिवावर येतं, कारण प्रत्येक फोटोमागची मेहनत आपल्याला आठवत असते. बघणाऱ्याला ती दिसत नाही. त्याला फोटो दिसतो.

कोणतं सॉफ्टवेअर

मोबाइलवर स्नॅपसीड पुरेसं आहे. ते फुकट आहे आणि डीएनजी फाइलही उघडतं. संगणकावर डार्कटेबल आणि रॉथेरपी हे दोन्ही मोफत आहेत आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतात. डार्कटेबल पहिल्या दिवशी अवघड वाटतं, पण आठवडाभर चिकाटी धरली की हाताशी येतं. लाइटरूम शिकायला सोपं आहे, मात्र त्याला वर्गणी भरावी लागते. सुरुवातीलाच पैसे भरायची गरज नाही. कोणतंही एक घ्या आणि काही महिने त्यालाच चिकटून राहा. ही रॉ सॉफ्टवेअर मूळ फाइल बदलत नाहीत, तुमच्या सूचना वेगळ्या लिहून ठेवतात, त्यामुळे बिनधास्त प्रयोग करा. जेपेगवर काम करताना मात्र दर वेळी नव्या नावाने प्रत जतन करा. जेपेग पुन्हा पुन्हा उघडून सेव्ह केली की दर खेपेला थोडा दर्जा जातो.

एक फोटो, सुरुवातीपासून

सोमवती अमावस्येला खंडोबाची पालखी कऱ्हेवर स्नानाला निघते तेव्हाचं दृश्य डोळ्यांपुढे आणा. डोक्यावर ऊन, हवेत भंडाऱ्याचा लोट, पांढऱ्या टोप्या, उन्हाने रापलेले चेहरे आणि त्यांच्या डोळ्यांखाली पडलेल्या काळ्या सावल्या. कॅमेऱ्याने दिलेल्या जेपेगमध्ये भंडारा एक सपाट पिवळा डाग झालेला असतो, चेहरे काळे पडलेले असतात आणि दगडाला निळसर झाक आलेली असते. तिथे उभं असताना तुम्ही पाहिलं ते हे नव्हतं.

आधी फोटो सरळ करा आणि क्रॉप करा. दीपमाळ तिरकी असेल तर ती उभी करा. चौकटीच्या कडा तपासा: अर्धा कापलेला हात, कोपऱ्यातली प्लास्टिकची बाटली, कुणाच्या तरी वर धरलेल्या मोबाइलचा उजळ पडदा. क्रॉप पहिल्यांदा करायचं कारण असं की चौकटीबाहेर जाणाऱ्या भागासाठी उजेड जुळवत बसण्यात अर्थ नाही. आणि तो चकाकता पडदा चौकटीत असेपर्यंत हिस्टोग्रामही दिशाभूल करतो.

मग व्हाइट बॅलन्स. नेहमीची युक्ती म्हणजे ड्रॉपर घेऊन फोटोतल्या एखाद्या पांढऱ्या किंवा राखाडी वस्तूवर टिचकी मारायची. जेजुरीत ती फसते. टोपी पांढरी दिसली तरी तिच्यावर हळद बसलेली असते, पायऱ्यांचा काळा दगडही पिवळा झालेला असतो. तुम्ही टोपीवर टिचकी मारली की सॉफ्टवेअर तिच्यातला पिवळा काढून टाकायला अख्खा फोटो निळा करतं. कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्सही याच कारणाने गोंधळतो. समोर एवढा पिवळा दिसला की उजेडच पिवळा आहे असं तो धरून चालतो आणि उलट बाजूला ओढतो. अशा वेळी ड्रॉपर सोडा आणि 'डेलाइट' निवडा, म्हणजे साधारण ५,५०० केल्विन. उजेड दुपारच्या उन्हाचा होता हे तुम्हाला ठाऊक आहे, तेवढं पुरेसं आहे. सावलीत काढलेला फोटो असेल तर आकडा ७,०००च्या आसपास न्यावा लागतो, जुन्या पिवळ्या बल्बखाली ३,०००च्या जवळ.

यानंतर एक्सपोजर, हायलाइट, शॅडो, याच क्रमाने. एक्सपोजरने फोटोची एकूण उजळी ठरवा आणि ती ठरवताना नजर चेहऱ्यांवर ठेवा. मग हायलाइट खाली आणून टोप्यांवरचं कापड दिसू लागतंय का बघा. शॅडो, म्हणजे अंधारे भाग, थोडे वर घ्या, पण डोळ्यांखालची सावली पूर्ण पुसू नका. त्या सावलीनेच बघणाऱ्याला दुपार कळते. नवख्यांच्या एडिटिंगमध्ये मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच: हायलाइट तळाला, शॅडो शिखराला, आणि मग फोटोत ऊन कुठून येतंय हेच कळेनासं होतं. शॅडो वर घेतल्यावर फोटो मिळमिळीत वाटला तर 'ब्लॅक' किंचित खाली आणा. कुठेतरी खरा काळा रंग असला की बाकीचे रंग आपोआप ठाम वाटतात.

आता पिवळा. इथे थोडं थांबायला हवं, कारण अनेक जण याच ठिकाणी उलटी चाल खेळतात. भंडारा फिका वाटला की ते सॅच्युरेशन, म्हणजे रंगाची तीव्रता, वाढवतात. हळदीचा पिवळा मुळातच इतका गडद असतो की पडद्याच्या भाषेत त्यात लाल आणि हिरवा वरच्या टोकाला पोहोचलेले आणि निळा शून्याजवळ आलेला असतो. सॅच्युरेशन अजून वाढवलं की निळा शून्यावर आपटतो, लाल आणि हिरवा कमाल मर्यादेला चिकटतात. लोटातली घडी, पातळ-दाट भाग, उडणारे कण, सगळं एकाच पिवळ्यात बुडून जातं. करायचं ते असं: रंगानुसार बदल करण्याच्या पॅनेलमध्ये पिवळा निवडा, त्याचं सॅच्युरेशन थोडं कमी करा आणि ल्युमिनन्स, म्हणजे त्या रंगाची उजळी, किंचित खाली आणा. लोटाला पोत येतो, त्याच्या आतले चेहरे दिसू लागतात, आणि पिवळा कमी करूनही फोटो जास्त पिवळा वाटतो. ह्यू, म्हणजे रंगाची छटा, मात्र जपून हलवा. जरा एका बाजूला गेला की भंडारा लिंबासारखा हिरवट दिसतो, दुसऱ्या बाजूला गेला की शेंदरी.

कास पठारावरचा गुलाबी तेरडा, देवीच्या साडीतला लाल, गुलाल, झेंडूचा केशरी, या सगळ्यांना हाच नियम लागू आहे. रंग मुळात तीव्र असेल तर त्याला अजून ढकलू नका, त्याच्यातला फरक मोकळा करा. अख्ख्या फोटोला थोडी जान हवी असेल तर सॅच्युरेशनऐवजी व्हायब्रन्स वापरा. तो फिक्या रंगांना जास्त उचलतो आणि आधीच गडद असलेल्यांना फारसं छेडत नाही.

त्यानंतर स्थानिक बदल. स्नॅपसीडमध्ये 'सिलेक्टिव्ह', लाइटरूम आणि डार्कटेबलमध्ये मास्क, म्हणजे फोटोचा ठरावीक भागच निवडायची सोय. मुख्य चेहऱ्यावर थोडा उजेड, कडेच्या उजळ कापडावर थोडा अंधार. डार्करूममध्ये हातांच्या आडोशाने करायचे तेच हे काम. बदल केलेली जागा बघणाऱ्याला कळली तर समजा जास्त झालं.

नॉइज आणि शार्पनिंग शेवटी. भर उन्हातल्या फोटोला नॉइज कमी करायची गरज बहुधा नसते. रात्रीच्या जागरणातला, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ६,४०० वर घेतलेला फोटो असेल तर लागते. पण चेहरा मेणाचा दिसेपर्यंत नॉइज पुसण्यापेक्षा थोडे दाणे राहिलेले बरे. दोन्ही स्लायडर हलवताना फोटो १०० टक्के मोठा करून बघा, नाहीतर नेमकं काय बदलतंय ते दिसतच नाही.

एवढं झालं की फाइल बंद करा आणि दुसऱ्या दिवशी उघडा. तासभर त्याच फोटोकडे बघत राहिलं की डोळे गडद रंगाला सरावतात आणि आपण नकळत अजून गडद करत जातो. सकाळी पाहिल्यावर मला बहुतेक वेळा सगळेच बदल थोडे मागे घ्यावेसे वाटतात.

हात आवरायच्या जागा

पावसाळ्यात हरिश्चंद्रगडावर किंवा राजगडावर काढलेल्या फोटोवर 'डिहेझ' नावाचा स्लायडर ओढायचा मोह होतो. धुकं कापलं जातं, मागचे डोंगर बाहेर येतात, आणि ज्यासाठी पहाटे उठून गड चढलात तेच निघून जातं. तो स्लायडर उन्हाळ्यातल्या धुरकट क्षितिजासाठी वापरा. श्रावणातल्या धुक्याला कॉन्ट्रास्ट कमीच हवा.

हळदीच्या कार्यक्रमात हॉलमध्ये एका बाजूने खिडकीचा उजेड, वर पांढरे एलईडी आणि स्टेजवर रंगीत दिवे, असा मिश्र प्रकाश असतो. एकाच व्हाइट बॅलन्सने सगळं जुळत नाही. त्वचेचा रंग ठीक करा, भिंत कुठल्या रंगाची दिसते याची चिंता सोडा. अगदीच जमलं नाही तर तो फोटो कृष्णधवल करून बघा. यात पळवाट काढली असं मानू नका, भाव चांगला असेल तर रंग गेल्याने फोटो बरेचदा अधिक भिडतो.

आणि माणसांचे चेहरे. इथे मी अजिबात तडजोड करत नाही. मोबाइलचं ब्यूटी मोड आधी बंद करा. आपल्याकडे गोरेपणाचं जे खूळ आहे ते या फिल्टरमधून थेट फोटोत उतरतं आणि सावळी मुलगी स्वतःच्याच साखरपुड्याच्या अल्बममध्ये परकी दिसते. चेहरा उजळणं आणि चेहरा गोरा करणं या वेगळ्या गोष्टी आहेत. सावळ्या त्वचेवर पुरेसा उजेड असला की तिच्यातल्या छटा खुलतात, तिचा रंग बदलत नाही. चेहरा उजळताना त्याचं सॅच्युरेशन कमी होऊन तो राखाडी पडतोय का, तेही बघा. तसं झालं तर रंगाची उष्णता (व्हाइट बॅलन्स पिवळ्याकडे) किंचित वाढवा. पुसायचं काय, याला एक सोपी कसोटी आहे: दोन आठवड्यांत आपोआप जाणारी पुटकुळी पुसायला हरकत नाही. तीळ, व्रण, सुरकुत्या त्या माणसाच्या आहेत, त्याने सांगितल्याशिवाय त्यांना हात लावायचा नाही. आजीच्या सुरकुत्या कुणी गुळगुळीत केल्या की मला वाईट वाटतं. ज्या चेहऱ्यासाठी फोटो जपायचा तोच त्यात उरत नाही.

मर्यादा कुठे

उजेड, रंग, क्रॉप हा भाग झाला. फोटोत नसलेलं आणणं आणि असलेलं घालवणं हा दुसरा. हे दुसरं कधी चालेल, ते फोटो काय म्हणून दाखवला जातोय यावर ठरतं.

'असं घडलं' असं सांगणाऱ्या फोटोत काहीच हलवायचं नाही. फेब्रुवारी १९८२च्या नॅशनल जिओग्राफिकच्या मुखपृष्ठावर गिझाचे पिरॅमिड उभ्या चौकटीत बसावेत म्हणून एकमेकांजवळ सरकवले होते, आणि त्या एका बदलाबद्दल आज इतक्या वर्षांनीही बोललं जातं. २००६ साली बैरूतवरच्या हवाई हल्ल्याच्या फोटोत धुराचे लोट कॉपी करून वाढवलेले आढळले, तेव्हा रॉयटर्सने त्या छायाचित्रकाराशी संबंध तोडले आणि त्याचे सगळे, ९२० फोटो संग्रहातून काढून टाकले. वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत २०१५ साली अंतिम फेरीच्या आधीच्या टप्प्यापर्यंत पोहोचलेल्या फोटोंपैकी २० टक्के फोटो मूळ फाइलशी ताडून पाहिल्यावर बाद झाले. त्यातल्या पुष्कळांत बदल किरकोळ होते. फोटोचा अर्थ न बदलणारी एखादी वस्तू पुसण्यासाठी लोकांनी स्वतःची जागा घालवली.

तुम्ही वृत्तपत्रासाठी काम करत नसाल, पण गावातल्या मोर्चाचा, अपघाताचा, पुराचा फोटो तुम्ही चार लोकांना पाठवता तेव्हा तो बातमीच असतो. त्यात क्रॉप करतानाही विचार करा. चौकटीच्या कडा कापल्या की चार माणसांचा जमाव होतो, किंवा जमावाची चार माणसं.

निसर्गाचे फोटो काढणाऱ्यांना हे जास्त लागू आहे. उजनीच्या फुगवट्यावर भिगवणला रोहित पक्षी बघायला हौशी लोक गर्दी करतात. रोहिताचा गुलाबी रंग त्याच्या खाण्यातून येतो, शेवाळ आणि लहान कोळंबीसारख्या जिवांतल्या कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांमधून. पिल्लं आणि किशोर पक्षी राखाडी-तपकिरी असतात. तुम्ही अख्ख्या थव्यावर गुलाबी चढवला की मोठे कोण आणि लहान कोण हे कळायचा मार्गच बंद होतो. तो फोटो कुणी अभ्यासासाठी वापरला तर त्याची दिशाभूल होते. चोचीसमोर आलेली पाणवनस्पतीची काडी पुसण्याचंही तसंच. स्पर्धांच्या निसर्ग विभागात क्रॉप, उजेडाची जुळवणी, सेन्सरवरच्या धुळीचा डाग काढणं सहसा चालतं. काही जोडणं, हलवणं किंवा घालवणं चालत नाही. नियमावली आधी वाचा आणि रॉ फाइल जपून ठेवा, ती मागितली जाते.

घरगुती फोटोत, कलात्मक फोटोत तुम्हाला मोकळीक आहे. भाचीच्या वाढदिवसाच्या फोटोतला मागचा विजेचा बोर्ड पुसला तर कुणाचं काही बिघडत नाही. पण आता एका वाक्यात मोबाइल अख्खं आकाश बदलून देतो, नसलेला चंद्र टाकतो, बाजूची माणसं गायब करतो. असं काही केलं असेल तर फोटोखाली तसं लिहा, 'आकाश बदललं आहे' एवढे शब्द पुरेत. कुणी विचारलं तर सरळ सांगा. सांगायला अवघड वाटत असेल तर तो बदल करू नका, मी स्वतःसाठी हीच कसोटी वापरते.

हेही ध्यानात ठेवा की काही फोटोंना एडिटिंगची गरजच नसते. सकाळच्या कोवळ्या उन्हात नीट एक्सपोजर देऊन घेतलेला जेपेग चांगला दिसत असेल तर क्षितिज तपासा आणि सोडून द्या. आणि काही फोटोंना एडिटिंगचा उपयोगच होत नाही. चुकलेला फोकस, हललेला हात, उडालेलं आकाश, निसटलेला भाव यांवर स्लायडर नाही. त्यांच्यावर रात्र घालवण्यापेक्षा पुन्हा जाऊन फोटो काढणं बरं.

फाइल बाहेर काढताना

एक्स्पोर्ट करताना रंगाचा प्रकार एसआरजीबी ठेवा, नाहीतर दुसऱ्याच्या फोनवर रंग मेलेले दिसू शकतात. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान केला जातो. दर्जा हवा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. पोलिसात, विमा कंपनीकडे किंवा स्पर्धेला द्यायची फाइल कधीही व्हॉट्सॲपवरून परत उतरवलेली देऊ नका.

आणि प्रिंट काढा. ६ × ४ इंचांच्या प्रिंटला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) १,८०० × १,२०० पिक्सेल लागतात, म्हणजे साधारण २ मेगापिक्सेल, कोणत्याही फोनकडे त्याहून जास्त असतात. १८ × १२ इंचांची प्रिंट भिंतीवर लांबून बघायची असेल तर २०० डीपीआयही चालतं, म्हणजे ३,६०० × २,४०० पिक्सेल. पडदा स्वतः उजेड फेकतो, कागद फेकत नाही. त्यामुळे पडद्याची ब्राइटनेस पूर्ण ठेवून एडिट केलेला फोटो कागदावर हमखास काळवंडतो. ब्राइटनेस निम्म्याच्या आसपास आणा, शेजारी पांढरा कागद धरून पडदा त्याच्याइतकाच उजळ दिसतोय का ते बघा. लॅबला 'ऑटो करेक्शन नको' असं आधीच सांगा, नाहीतर त्यांचं मशीन तुमच्या पिवळ्यावर पुन्हा आपला हात फिरवतं. मग एकच लहान प्रिंट मागवा आणि ती दिवसाच्या उजेडात खिडकीपाशी नेऊन पाहा. गडद आली असेल तर फाइलचं एक्सपोजर थोडं वाढवा, भंडाऱ्याचा पिवळा आणि चेहऱ्यांचा रंग पुन्हा एकदा तपासा, आणि त्यानंतरच मोठी प्रिंट छापायला द्या.